दोन तारांची वजाबाकी

दोस्तांनो, दिवाळीच्या पहाटे अंगाला उटणं चोळून, कुडकुडत, थंडगार पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतून घ्यायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? गेल्या दिवाळीत ती आमच्यावर अगदी येता येता राहिली. आणि त्या गडबडीत आमच्या घरी एक गंमतशीर गणित उलगडलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

झालं काय, वसुबारसेपासून आमच्या गिझरनं असहकार पुकारला. गिझर लावला, की पाच-सात मिनिटांत विजेच्या बोर्डावरचं एक बटण ‘खट्’ करून खाली पडायचं आणि सगळ्या घराची वीज गुल! बटण वर केलं, की पुन्हा पाच मिनिटांनी खट्! शेवटी आजोबा वैतागले. म्हणाले, “या बटणातच खोट आहे. आमच्या जुन्या घरात असली भानगड नव्हती. काढून टाका ते आणि तारा डायरेक्ट जोडून द्या!”

धनत्रयोदशीला वायरमनकाका आले. त्यांच्या हातात खेकड्याच्या नांगीसारखे दोन जबडे असलेला एक मीटर होता. त्याला ते ‘टाँगटेस्टर’ म्हणतात. तार कापायची नाही, सोलायची नाही. नुसती त्या जबड्यात धरायची, की तिच्यातून किती अँपिअर करंट वाहतोय तो आकडा समोर हजर. सुट्टीला आलेली माझी आठवीतली भाची हे सगळं डोळे विस्फारून बघत होती.

काकांनी गिझर चालू केला आणि त्याची जाड, गोल केबल जबड्यात पकडली. मीटरवर आकडा आला, शून्य!

“काका, तुमचा मीटर बिघडलाय!” भाची ओरडली. “गिझरचा दिवा तर लागलाय!”

काका हसले. त्यांनी बोर्ड उघडला. आत केबलमधल्या तारा सुट्या झालेल्या होत्या. नुसती लाल तार पकडली, तर आकडा ८.७. नुसती काळी पकडली, तरी ८.७. मग दोन्ही एकत्र पकडल्या. पुन्हा शून्य!

“आता तूच सांग बाळा,” काका म्हणाले, “८.७ आणि ८.७ किती होतात?”

“१७.४.”

“आणि मीटर म्हणतोय शून्य. मग चुकलं कोण? मीटर, की तुझं गणित?”

तुम्हाला काय वाटतं? उत्तर देण्याआधी जरा दोनशे वर्षं मागे जाऊ या.

सुई हलली!

गोष्ट १८२० सालची, डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरातली. हान्स ख्रिश्चन ओरस्टेड नावाचे प्राध्यापक व्याख्यान देत होते. तारेतून विद्युतप्रवाह सोडला आणि जवळच्या होकायंत्राची सुई हलली. प्रवाह बंद केला, सुई पुन्हा उत्तरेकडे. तारेला तर लोखंड लागत नव्हतं, चुंबक लागत नव्हता! तोपर्यंत वीज वेगळी आणि चुंबक वेगळा असंच बहुतेक जण मानत. त्या छोट्याशा हालचालीनं दोघांचं नातं उघडं केलं. जुलैमध्ये ओरस्टेड यांनी आपला प्रयोग लॅटिन भाषेत छापून युरोपभरच्या शास्त्रज्ञांना पाठवला.

सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत आरागो या शास्त्रज्ञानं तो प्रयोग करून दाखवला. प्रेक्षकांत पंचेचाळीस वर्षांचे आंद्रे मारी अँपिअर बसले होते. त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. तारेतला प्रवाह चुंबकाला हलवतो. मग एका तारेतला प्रवाह दुसऱ्या तारेला हलवील का? जेमतेम दोन आठवड्यांत त्यांनी अकादमीला उत्तर दाखवलं. शेजारी-शेजारी, समांतर ठेवलेल्या दोन तारांत प्रवाह एकाच दिशेनं वाहत असेल, तर तारा एकमेकींकडे ओढल्या जातात. प्रवाह उलटसुलट दिशेनं असतील, तर त्या एकमेकींना दूर ढकलतात. चुंबक कुठंच नाही, नुसत्या दोन तारा!

त्या वेळचा एक किस्सा सांगतात. कुणीतरी नाक मुरडलं, “यात नवीन काय? दोन्ही तारा चुंबकाला हलवतात, म्हणजे एकमेकींनाही हलवणारच!” त्यावर आरागोनं खिशातून दोन किल्ल्या काढल्या आणि म्हटलं, यातली प्रत्येक किल्ली चुंबकाला ओढते, पण म्हणून या दोन किल्ल्या एकमेकींना ओढतात का? नाक मुरडणारे गप्प! प्रयोग केल्याशिवाय ‘असणारच’ म्हणू नये, हे त्यातून शिकायचं.

विसाचं सूत्र

आता आपण गणिताकडे वळू. घाबरू नका, गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

तारेतून प्रवाह वाहू लागला, की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते तारेला वर्तुळांसारखं वेढून असतं, हातात बांगड्या असतात तसं. प्रवाह जितका जास्त, तितकं क्षेत्र जोरदार. तारेपासून जितकं दूर जावं, तितकं ते कमजोर. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र निम्मं, तिप्पट केलं की एक तृतीयांश. हे मोजायचं एकक आहे मायक्रोटेस्ला. लांबलचक सरळ तारेसाठी सूत्र असं :

चुंबकीय क्षेत्र = २० × प्रवाह ÷ अंतर

प्रवाह अँपिअरमध्ये घ्यायचा, अंतर सेंटिमीटरमध्ये. उत्तर येईल मायक्रोटेस्लात. झालं!

गिझरच्या लाल तारेवर वापरून पाहू. आमचा गिझर २००० वॅटचा. घरातली वीज २३० व्होल्टची. २००० भागिले २३० म्हणजे साधारण ८.७ अँपिअर. काकांच्या मीटरनं हाच आकडा दाखवला होता, आठवतंय? आता त्या एकट्या तारेपासून ५ सेंटिमीटरवर क्षेत्र किती? २० गुणिले ८.७ म्हणजे १७४. भागिले ५ म्हणजे सुमारे ३५ मायक्रोटेस्ला.

हे जास्त की कमी? आपल्याकडे होकायंत्राच्या सुईला उत्तर-दक्षिण धरून ठेवणारं पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला असतं. म्हणजे एका साध्या तारेनं वीतभर अंतराच्या आत पृथ्वीशी जवळजवळ बरोबरी केली की!

तुम्ही म्हणाल, मग गिझरच्या तारेजवळ होकायंत्र नेलं तर सुई गरगर फिरेल? नाही. घरातला प्रवाह प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असतो. तो सेकंदाला ५० वेळा एक पूर्ण फेरा घेतो. एकदा पुढे, एकदा मागे. बिचारी सुई एवढ्या झटपट वळूच शकत नाही. टाँगटेस्टर मात्र हे बदलणारं क्षेत्रच टिपतो. आणि ‘लाल तारेतून जातो, काळीतून परत येतो’ हे त्या प्रत्येक क्षणाला खरं असतं. लाल पुढे, तेव्हा काळी मागे. लाल मागे, तेव्हा काळी पुढे. म्हणून आपला हिशोब एसीलाही चालतो.

दोन तारा, दोन वर्तुळं

आता कागद-पेन्सिल घ्या. कागदावर शेजारी-शेजारी दोन ठिपके काढा. हे ठिपके म्हणजे कागदातून आरपार जाणाऱ्या दोन तारा, वरून पाहिलेल्या.

क्षेत्राची दिशा ओळखायला उजव्या हाताचा नियम आहे. उजव्या हाताच्या मुठीत तार धरली आहे अशी कल्पना करा. (नुसती कल्पनाच करा!) अंगठा प्रवाहाच्या दिशेला ठेवा, की मिटलेली बोटं क्षेत्राची दिशा दाखवतात. प्रवाह कागदातून वर, तुमच्याकडे येत असेल, तर वर्तुळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेचं. प्रवाह खाली जात असेल, तर काट्यांच्या दिशेचं.

पहिला प्रकार : दोन्ही प्रवाह वर येणारे. दोन्ही ठिपक्यांभोवती काट्यांच्या उलट दिशेची वर्तुळं काढा आणि त्यांवर बाण काढा. दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेकडे बघा. डाव्या वर्तुळाचा बाण कागदाच्या वरच्या कडेकडे जातोय, उजव्या वर्तुळाचा खालच्या कडेकडे. बाण विरुद्ध, म्हणजे वजाबाकी! बरोबर मधोमध तर पूर्ण शून्य. बाहेरच्या बाजूला मात्र बेरीज होते.

दुसरा प्रकार : डावा प्रवाह वर येणारा, उजवा खाली जाणारा. उजव्या वर्तुळाचा बाण फिरवा. आता काय दिसतं? मधल्या जागेत दोन्ही बाण एकाच दिशेला, म्हणजे बेरीज. आणि बाहेर वजाबाकी!

गिझरची केबल हा दुसरा प्रकार आहे. लाल तारेतून प्रवाह जातो, काळीतून परत येतो. आपण उभे असतो बाहेर. म्हणजे आपल्या वाट्याला येते वजाबाकी.

किती उरतं ते काढू. समजा, दोन तारांमध्ये ३ मिलिमीटर अंतर आहे. जवळची तार आपल्यापासून ५ सेंटिमीटरवर, तर तिच्या मागची ५.३ सेंटिमीटरवर.

जवळच्या तारेचं क्षेत्र : १७४ ÷ ५ = ३४.८
लांबच्या तारेचं क्षेत्र : १७४ ÷ ५.३ = ३२.८
उरलं : २ मायक्रोटेस्ला.

पस्तीसातले दोनच उरले! आता १० सेंटिमीटरवर हाच हिशोब करा. १७.४ वजा १६.९, म्हणजे उरला अर्धा मायक्रोटेस्ला. इथं एक गंमत लक्षात आली का? एकटी तार असताना अंतर दुप्पट केलं की क्षेत्र निम्मं होत होतं. जोडीचं क्षेत्र मात्र दोनावरून अर्ध्यावर आलं, म्हणजे पाव झालं. उलट प्रवाहाची जोडी स्वतःचा मागमूस फार झपाट्यानं पुसून टाकते.

पण मीटरनं तर पूर्ण शून्य दाखवलं!

शाब्बास, नेमका प्रश्न! एका जागी मोजलं तर थोडंसं उरतं. पण टाँगटेस्टरचे जबडे एका जागी मोजत नाहीत. ते तारांना पूर्ण वेढा घालतात आणि वेढ्यावरच्या सगळ्या जागांची बेरीज करतात. वेढ्याच्या एका बाजूला लाल तार जवळ, म्हणून तिचं थोडं जास्त उरतं. दुसऱ्या बाजूला काळी जवळ, म्हणून तिचं जास्त उरतं. अख्ख्या वेढ्याची बेरीज केली, की सगळं फिटतं आणि बाकी शून्य राहते. वेढ्याच्या आतून जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहांत फरक असेल, तेवढाच वेढ्याला कळतो. हा नियम आज अँपिअरच्याच नावानं ओळखला जातो.

तर मीटर बरोबर होता. भाचीनं बेरीज केली, तिथं वजाबाकी करायची होती.

करून पाहा

या प्रयोगासाठी विजेरीचे दोन सेल, जुन्या विजेरीचा तारेचा बल्ब (ज्यावर २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असं लिहिलेलं असतं तो), हातभर लांब प्लॅस्टिकच्या वेष्टणाची तार आणि एक होकायंत्र लागेल. हल्लीचा एलईडी दिवा चालणार नाही, तो फारच थोडा प्रवाह घेतो. आणि एक सक्त ताकीद : फक्त सेलच वापरायचे. भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही, म्हणजे नाही!

१. होकायंत्र टेबलावर ठेवा. तार त्याच्यावरून, सुईपासून साधारण १ सेंटिमीटर उंचीवर, उत्तर-दक्षिण दिशेनं न्या. बल्ब लावा. प्रवाह ०.३ अँपिअर, म्हणजे क्षेत्र २० × ०.३ ÷ १ = ६ मायक्रोटेस्ला. पृथ्वी ४०नं उत्तरेकडे ओढतेय, तार ६नं आडवी ओढतेय. सुई आठ-नऊ अंश वळेल.

२. आता तार मधोमध दुमडून, केसांतल्या आकड्यासारखी, दोन्ही पदर एकमेकांना चिकटवून वरूनच न्या. एकातून प्रवाह जातो, दुसऱ्यातून परत येतो. बल्ब लावा. सुई ढिम्म हलत नाही!

३. शेवटी तेच दोन पदर वेगळे करा. एक होकायंत्राच्या वरून न्या आणि परत येणारा खालून न्या. होकायंत्र थोडं उंचावर ठेवावं लागेल, म्हणजे खालची तारही सुईपासून सेंटिमीटरभर राहील. आता सुई दोन उलट प्रवाहांच्या मध्ये आली. मध्ये काय होतं? बेरीज! ६ आणि ६ बारा. सुई आता सुमारे सतरा अंश वळते.

तीच तार, तोच बल्ब, तेच सेल. फक्त सुईची जागा बदलली आणि वजाबाकीची बेरीज झाली.

ढकलाढकली आणि एक गोल आकडा

गिझरच्या दोन तारा एकमेकींना ढकलत असणार हे तर आलंच. किती जोरानं? दर मीटर लांबीला ढकलण्याचं बल असं काढतात : दोन्ही प्रवाहांचा गुणाकार करायचा, मीटरमधल्या अंतरानं भागायचं, मग २नं गुणून १ कोटीनं भागायचं. उत्तर येतं न्यूटनमध्ये. आपल्या केबलसाठी ते ०.००५ न्यूटन येतं, म्हणजे जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या वजनाइतकं. केबलला त्याचं काहीच वाटत नाही. पण समजा, वीजकेंद्रात शॉर्टसर्किट झालं आणि अर्ध्या मीटरवरच्या दोन पट्ट्यांतून क्षणभर २० हजार अँपिअर धावले, तर? करून बघा हिशोब. दर मीटरला १६० न्यूटन, म्हणजे सोळा किलोंच्या वजनाइतका धक्का! म्हणूनच तिथल्या पट्ट्या भक्कम आधारांवर घट्ट बसवलेल्या असतात.

सूत्रात २ आणि १ कोटी असे गोलगोल आकडे कसे, असं वाटलं ना? तो योगायोग नव्हता. १९४८ साली अँपिअर या एककाची व्याख्याच मुळी अशी ठरली : एक मीटर अंतरावरच्या दोन अतिशय लांब, समांतर तारांत सारखाच प्रवाह आहे आणि दर मीटरला बरोबर २ भागिले १ कोटी न्यूटन इतकं बल लागतंय, तर तो प्रवाह १ अँपिअर. अँपिअर यांच्या दोन तारांना जगानं दिलेला हा मानच होता. २० मे २०१९पासून अँपिअरची व्याख्या इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावरून केली जाते. पण आपल्या हिशोबात त्यानं तसूभरही फरक पडत नाही.

चंद्रपूरहून पडघ्याला

तारांची ही जोडी फक्त गिझरच्या केबलमध्ये असते असं नाही. आपल्या महाराष्ट्रात तिचा एक राक्षसी भाऊ आहे. चंद्रपूरला कोळसा आहे, तिथं वीज तयार होते. ती हवी असते मुंबईच्या बाजूला. म्हणून चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघे अशी ७५२ किलोमीटर लांबीची वाहिनी १९९९ साली सुरू झाली. हिच्यातून एसी नाही, दिष्ट प्रवाह म्हणजे डीसी वाहतो. एका बाजूच्या तारा अधिक ५०० हजार व्होल्टवर, दुसऱ्या बाजूच्या उणे ५०० हजार व्होल्टवर. एका बाजूनं प्रवाह जातो, दुसऱ्या बाजूनं परत येतो. १५०० मेगावॅट वीज वाहताना हा प्रवाह १५०० अँपिअर होतो.

वाहिनीपासून १०० मीटरवर उभं राहून हिशोब करू. एकटीच बाजू असती, तर २० × १५०० ÷ १०,००० म्हणजे ३ मायक्रोटेस्ला. आता समजा, दोन बाजूंमध्ये १२ मीटर अंतर आहे. म्हणजे एक ९४ मीटरवर, दुसरी १०६ मीटरवर. पहिलीचं क्षेत्र ३.१९, दुसरीचं २.८३. उरलं अवघं ०.३६! अख्ख्या शहराला पुरेल एवढी वीज जवळून जातेय, पण त्या शेतात होकायंत्राला त्याची जाणीवही नाही.

वजाबाकी चुकते तेव्हा

आता पुन्हा आमच्या बोर्डाकडे या. ते खट् करून पडणारं बटण आठवतंय ना? त्याला पूर्वी ईएलसीबी म्हणत, आता बहुतेक आरसीसीबी म्हणतात. काकांनी तेच बटण दाखवलं आणि म्हणाले, “याच्या पोटातही माझ्या टाँगटेस्टरसारखंच एक कडं आहे. घरात येणाऱ्या दोन्ही तारा त्या कड्यातून जातात. जेवढा करंट आत गेला, तेवढाच परत आला, तर कड्याला दिसतं शून्य. बटण गप्प बसतं.”

“आणि कमी परत आला तर?” भाचीनं विचारलं.

“मग उरलेला गेला कुठं? कुठून तरी जमिनीत झिरपला. तारेचं वेष्टण फाटलं, यंत्रात पाणी शिरलं, नाहीतर…” काका जरा थांबले. “नाहीतर एखाद्या माणसाच्या अंगातून गेला.”

लाल आणि काळीचा हिशोब जुळला नाही, की कड्यात चुंबकीय क्षेत्र उरतं. कड्यावरच्या गुंडाळीला ते जाणवतं आणि बटण पडतं. घरात लावतात त्या आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरचा फरक पुरतो. म्हणजे ८.७० अँपिअर गेले आणि ८.६७च परत आले, तरी खट्! पापणी लवेपर्यंत वीज बंद.

शेजारी दुसरी छोटी बटणं असतात, एमसीबी. ती प्रवाह फार वाढला की पडतात. पण माणसाच्या अंगातून जीव घ्यायला काही दहा मिलिअँपिअर पुरतात. सोळा अँपिअरच्या एमसीबीला तेवढ्यानं काय होणार? उंटाच्या पाठीवर माशी बसल्यासारखं! ही बारीक वजाबाकी फक्त ते कडंच करू शकतं.

काकांनी गिझर उघडला. पाणी तापवणाऱ्या कॉईलच्या नळीला बारीक चीर गेली होती. गरम झाली की चीर रुंदावायची, आत पाणी शिरायचं आणि करंट गिझरच्या पत्र्यात उतरायचा. तो अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जात होता, म्हणून कुणाला झटका बसला नव्हता.

“उद्या अर्थिंगचा स्क्रू सैल झाला असता,” काका हळूच म्हणाले, “आणि हे बटणही आपण डायरेक्ट करून टाकलं असतं…” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ओल्या अंगानं नळ सोडणारं घरातलं कुणीही असू शकलं असतं.

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून पैसे काढून म्हणाले, “नवीन कॉईल आणा. आणि ते बटण आहे तिथंच राहू द्या.”

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हे बटण म्हणजे काही चिलखत नव्हे. समजा, एखाद्यानं एका हातात लाल आणि दुसऱ्या हातात काळी तार धरली, तर एका तारेतून गेलेला प्रवाह त्याच्या अंगातून दुसऱ्या तारेनं परत येईल. वजाबाकी शून्यच! कड्याला वाटेल, दिवा लागलाय. म्हणून विजेशी खेळ नाही तो नाहीच.

आणि त्या बटणाच्या शेजारी एक चिमुकली कळ असते, तिच्यावर इंग्रजी ‘टी’ लिहिलेलं असतं. ती दाबली, की थोडासा प्रवाह मुद्दाम कड्याला वळसा घालून सोडला जातो. हिशोब चुकतो आणि बटण पडायलाच हवं. पडलं नाही, तर वायरमनला बोलवा. तुमच्या घरी असं बटण आहे का, ते आज आई-बाबांबरोबर बघा. नसेल, तर का नाही ते विचारा.

नरकचतुर्दशीला आमच्याकडे सगळ्यांची कढत पाण्यानं अंघोळ झाली. आणि तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला आजोबा चष्मा लावून बोर्डापाशी जातात, ‘टी’ दाबतात. खट्! सगळं घर अंधारात. “आजोबा!” म्हणून आम्ही ओरडतो. ते मात्र समाधानानं म्हणतात, “वजाबाकी येतेय अजून त्याला.”

सोडवा पाहू!

१. दोन समांतर तारांत १० सेंटिमीटर अंतर आहे. दोन्हींतून ५ अँपिअर प्रवाह जातो. बरोबर मधोमध क्षेत्र किती? (अ) प्रवाह एकाच दिशेचे असताना, (आ) विरुद्ध दिशेचे असताना.

२. दोन तारांत ९ सेंटिमीटर अंतर आहे. एकीतून ६ अँपिअर, दुसरीतून ३ अँपिअर, दोन्ही एकाच दिशेनं. क्षेत्र शून्य कुठं असेल?

३. दुसऱ्या कोड्यातला ३ अँपिअरचा प्रवाह उलटा फिरवला. आता शून्य कुठं?

उत्तरं : १. (अ) शून्य, (आ) २० + २० = ४० मायक्रोटेस्ला, जवळजवळ पृथ्वीइतकं! २. दोन तारांच्या मध्ये, ६ अँपिअरच्या तारेपासून ६ सेंटिमीटरवर. तिथं दोन्ही क्षेत्रं २०-२० येतात. ३. आता मध्ये बेरीज होते, म्हणून शून्य बाहेर सापडेल : ३ अँपिअरच्या तारेच्या पलीकडे ९ सेंटिमीटरवर. ६ अँपिअरची तार तिथून १८ सेंटिमीटरवर असते. २० × ६ ÷ १८ आणि २० × ३ ÷ ९ करून पाहा, जुळतंय ना?